उजेडासाठी मागताना

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठातली गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास सावरगावच्या माझ्या घरी ओसरीवर पाच-सहा माणसे येऊन बसली. आमची थोडीशी शेती ज्या शिवारात आहे, त्या डोंगराकडच्या लहान गावची ही मंडळी. बरोबर सरपंचबाई होत्या. पावसापूर्वीच्या वादळात त्यांच्या गावाकडे जाणाऱ्या तारेचे सात खांब आडवे झाले होते आणि नऊ दिवस गावात वीज नव्हती. त्या नऊ दिवसांचा हिशेब त्यांनी मला ऐकवला. नळयोजनेची मोटर बंद पडली, म्हणून बायका शेतातल्या दूरच्या विहिरीवरून पाणी आणीत होत्या. गिरणी बंद, म्हणून दळण मोटरसायकलवर बांधून पांढुर्ण्याला नेले जात होते. संत्र्याच्या बागांना पाणी नाही, म्हणून आंबिया बहाराची लिंबाएवढी फळे गळून झाडांखाली हिरवा सडा पडला होता. उपकेंद्रात एक बाळंतपण मोबाइलच्या उजेडात झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, हे नशीब.

ग्रामसभेने ठरविले होते की नळयोजना, उपकेंद्र, गिरणी आणि प्रत्येक घरी दोन दिवे एवढ्यापुरता बॅटरीसह सौरसंच शासनाकडे मागायचा. म्हणजे तार तुटली तरी गाव अडणार नाही. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "काकाजी, तुमी जनमभर लोकायचे अर्ज वाचले. आता एक आमचा लिहून द्या."

मी हो म्हणालो. अर्ज लिहिणे मला अवघड नव्हते. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी किती अर्ज वाचले, याची गणती नाही. तरीही आठ दिवस माझ्यासमोरचा कागद कोराच राहिला. एक प्रश्न मनातून हलेना. सार्वजनिक पैसा मागण्याचा अधिकार एखाद्या गावाला नेमका कशाने प्राप्त होतो? गरजेने, हक्काने, की आणखी कशाने?

आपल्या भाषेने मागण्याचे निरनिराळे प्रकार पूर्वीपासून वेगळे ठेवले आहेत. भीक ही लाचारीची. तिच्यात मागणाऱ्याकडून काहीच परत अपेक्षित नसते. माधुकरी मात्र निराळी. विद्यार्थी ठरलेल्या घरी जाई, कोणा एका घरावर भार पडू देत नसे, मिळालेले साठवीत नसे, आणि त्या अन्नाच्या बळावर विद्या शिके. समर्थ रामदासांना दासबोधात भिक्षेचे स्वतंत्र निरूपण करावेसे वाटले, ते मागण्यालाही काही शिस्त असते म्हणूनच. बलुते हा तर सरळ कामाचा मोबदला. सुतार-लोहारांनी वर्षभर काम केलेले असे आणि खळ्यावर त्यांचा वाटा ठरलेला असे. अर्थात त्या व्यवस्थेतील जातीचा जाच विसरून चालणार नाही. हक्काचा वाटासुद्धा पदर पसरून घ्यावा लागे, ही तिची मोठी लाजिरवाणी बाजू होती.

आणखी एक शब्द आमच्या महसुली दप्तरातला, तगाई. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा यांन्वये विहिरीसाठी, बांधबंदिस्तीसाठी, बी-बियाणे आणि बैलजोडीसाठी सरकार शेतकऱ्याला कर्ज देई. हा शब्द मूळ अरबी 'तकावी'वरून आला असून बळ देणे हा त्याचा अर्थ. संकटात तग धरता यावा म्हणून दिलेले ते बळ होते, आणि ते फेडायचे होते. त्यामुळे घेणाऱ्याची मान ताठ राही; वसुलीच्या वेळी ती कशी वाकवली जाई, हा भाग वेगळा.

आजचा शब्द आहे अनुदान. यात 'दान' आहे. परतफेड नाही, शिस्त नाही आणि हक्कही स्पष्ट नाही. देणारा स्वतःला दाता समजतो आणि घेणारा स्वतःला भाग्यवान. माझ्या मते सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

आता त्या गावाची हक्काची बाजू पाहू. ती लंगडी नाही. छिंदवाडा जिल्ह्याच्या पेंच खोऱ्यातून विसाव्या शतकाच्या आरंभापासून दगडी कोळसा निघतो आहे. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात सारणीचे औष्णिक वीज केंद्र १९६७ पासून वीज देत आले. या प्रदेशाने कोळसा दिला, जंगल दिले, धरणांखाली आणि खाणींखाली जमिनी दिल्या. उच्च दाबाच्या तारा ज्यांच्या शेतावरून गेल्या, त्यांच्या घरात मात्र दिवा फार उशिरा आला. देशाने हे ऋण काही अंशी मान्यही केले आहे. खनिज कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणींच्या उत्पन्नाचा एक भाग बाधित भागावरच खर्च व्हावा, हे कायद्याने स्वीकारले, आणि त्या खर्चाच्या विषयांत ऊर्जेचाही समावेश आहे. ही भीक नव्हे. जुन्या भाषेत याला बलुतेच म्हणावे लागेल.

शिवाय विजेचे मोठे जाळे सर्वांना सारखे सांभाळू शकत नाही. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील जाळे एकाच वेळी कोसळले आणि साठ कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या प्रदेशात अंधार झाला. त्या दोन दिवसांच्या बिघाडाचा आरंभ आपल्याच राज्यातील बीना-ग्वाल्हेर या वाहिनीवर झाला होता. शहरात अशा वेळी जनित्रे असतात, रुग्णालयांत पर्यायी सोय असते, आणि मुख्य म्हणजे दुरुस्तीचे पथक प्रथम तिकडे धावते. तारेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावाला अंधार लवकर गाठतो आणि उशिरा सोडतो. तेव्हा त्या टोकाने स्वतःची थोडी सोय मागणे, ही चैन म्हणता येत नाही.

पण गरज खरी आणि हक्कही खरा, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. चाळीस अर्ज आणि सहा कामांपुरता पैसा, अशी संचिका मी अनेक वेळा हाताळली आहे. सहा गावांना मंजुरी म्हणजे चौतीस गावांना नकार. जो मागतो, तो सरकारकडून घेतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो त्या चौतिसांपैकी कोणाच्या तरी पानातले घेत असतो. ती गावे अर्जाच्या वेळी समोर नसतात, एवढेच. म्हणून मागणाऱ्याने त्यांनाही उत्तर देता आले पाहिजे.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, कारण या बाबतीत माझे स्वतःचे हात पूर्ण स्वच्छ नाहीत. नोकरीच्या मध्यकाळात एका दुर्गम तालुक्यात माझी नेमणूक होती. तेथील एका गावात शासकीय खर्चाने सौर पथदिवे बसविले गेले. समारंभ झाला, मुलांनी टाळ्या वाजविल्या, आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मी सही केली. सहा वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या गावी मुक्काम पडला. खांब उभे होते. पाट्यांवर धूळ साचली होती. बॅटरीच्या पेट्या उघड्या, रिकाम्या. एका पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी एका म्हाताऱ्याला विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दिवे सरकारचे होते साहेब. बिघडले, तेव्हा आम्ही सरकारची वाट पाहिली."

माझा दाखला खोटा नव्हता. सही केली त्या दिवशी सगळे दिवे लागत होते. पण सौर पाटी पंचवीस वर्षे चालते आणि तेव्हाची शिशाची बॅटरी पाच-सहा वर्षांत थकते, ही माहिती काही गुप्त नव्हती. अंदाजपत्रकात दुसऱ्या बॅटरीची तरतूद नव्हती, आणि ती का नाही हे मी विचारले नाही. दिवा कोण पुसणार, पाणी कोण घालणार, बॅटरी थकल्यावर पैसे कोठून येणार, यांपैकी एकही प्रश्न मी गावाला विचारला नाही, गावाने मला विचारला नाही. 'पूर्ण' हा शब्द लिहून आम्ही दोघेही मोकळे झालो.

शासनाच्या भाषेत हा शब्द फार स्वस्त झाला आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, तरी गाव विद्युतीकृत समजले जाई. २००४ मध्ये व्याख्या सुधारली. सार्वजनिक ठिकाणी आणि किमान दहा टक्के घरांत वीज असावी असे ठरले. म्हणजे शंभरातली नव्वद घरे अंधारात असली, तरी कागदावर गाव उजळलेले. पुढे २०१७ च्या सौभाग्य योजनेने प्रत्येक घराचा विचार केला, हे मान्य केले पाहिजे. पण व्याख्या करणाऱ्याच्या नजरेतून शेवटचे घर किती सहज निसटते, हे त्या दहा टक्क्यांनी दाखवून दिले.

आपल्यापैकी अनेक जुन्या घराण्यांच्या दप्तरात मालगुजारीचे कागद असतील. त्या व्यवस्थेतील एक गोष्ट येथे आठवते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत मालगुजारांच्या काळात हजारो तलाव झाले. गावाच्या श्रमांतून ते बांधले गेले आणि गावाच्या रिवाजाने त्यांचा गाळ निघे, पाळी दुरुस्त होत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक आजही त्यांना मामा तलाव म्हणतात. मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. तिच्यात वेठबिगार होती, मुजोरी होती. पण मालकी बदलताना निगेची जबाबदारी कोणाच्याच अंगावर नेमकी पडली नाही, आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. एक अन्याय दूर करताना त्याच्याबरोबर असलेली काळजीही आपण दूर केली, आणि तिच्या जागी दुसरी काळजी उभी केली नाही. माझे पथदिवे आणि हे तलाव यांची जातकुळी एकच.

मग मालकी गावाकडेच द्यावी, हा उपाय पुरेसा आहे काय? त्याचाही अनुभव आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचे स्वतंत्र प्रशासन स्थापन झाले, तेव्हा तेथील दहांपैकी नऊ शेतघरे अंधारात होती. सरकारने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना दान न देता दीर्घ मुदतीचे कर्ज दिले. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण निगमाने पाच सहकारी संस्था प्रयोगादाखल उभ्या केल्या. त्यांतली एक अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील मुळा-प्रवरा. दुसरी बेळगाव जिल्ह्यातील हुकेरी. मुळा-प्रवरेने चार दशके वीज वाटली. पण थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ मध्ये तिचे वितरणाचे काम संपले. हुकेरीची संस्था मात्र टिकून राहिली. तेव्हा केवळ 'आपली संस्था' एवढ्या शब्दात जादू नाही. आपलेपणाचा हिशेब दर महिन्याला चुकता करावा लागतो.

तंत्राचाही तोच अनुभव. बिहारमधील धरनई या गावात २०१४ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेने सौरऊर्जेचे स्वतंत्र जाळे उभारले. देशभर कौतुक झाले. त्यानंतर लवकरच सरकारी वीज आली. ती स्वस्त होती आणि तिच्यावर मोठी यंत्रे चालत. सौर वीज महाग आणि मर्यादित. काही वर्षांत बॅटऱ्या थकल्या आणि ते केंद्र ओस पडले. आमच्या शेजारी बैतूल जिल्ह्यातील बाचा या गावी मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्याने २०१८ पर्यंत सगळ्या, म्हणजे सत्तरहून थोड्या अधिक घरांत सौर चुली बसल्या. लहान गावाला हे साधू शकते, याचा तो पुरावा आहे. परंतु कोणत्याही गावाची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. ती पहिली बॅटरी थकते त्या दिवशी होते.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच अस्वस्थ करीत होता. भोपाळच्या वसाहतीत राहणाऱ्याला कोणी विचारते काय की तुमच्या गल्लीतले रोहित्र जळले तर कोण सांभाळणार? मग डोंगरातल्या गरिबानेच निगेची हमी का द्यावी? हा आक्षेप न्याय्य आहे. हमी हा गरिबांवर बसविलेला नवा कर होता कामा नये. तार दुरुस्त करण्याचे शासनाचे कर्तव्य सौरसंच दिल्याने संपत नाही, हेही स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. पण संच गावात असेल तर त्याची काळजी घेणारा हातही गावातच असावा लागतो, ही अंतराची अडचण आहे. तिला नीतीचा दंड समजण्याचे कारण नाही. म्हणून हमी दोन्हीकडून हवी. गावाने श्रमांची आणि देखरेखीची द्यावी. शासनाने दुसऱ्या बॅटरीचा पैसा पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

आजच्या योजना या कसोटीवर पाहिल्या तर काय दिसते? २०१९ च्या कुसुम योजनेत सौरपंपासाठी केंद्र आणि राज्य प्रत्येकी सुमारे तीस टक्के देते आणि उरलेला वाटा शेतकऱ्याचा, अशी मूळ मांडणी होती. वाटा उचलल्याने आस्था येते, हे खरे. पण ज्याला वाटा उचलता येत नाही, तो दारातच थांबतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये मिळतात. पण त्यासाठी पक्के छत हवे आणि बाकीची रक्कम हवी. त्याच योजनेत प्रत्येक जिल्ह्यातील एका गावाला आदर्श सौर ग्राम म्हणून एक कोटी रुपये आहेत. गाव पाच हजारांहून अधिक वस्तीचे हवे, आणि सहा महिन्यांत ज्या गावात सर्वाधिक क्षमता उभी राहील, ते जिंकणार.

आम्ही सावरगावकर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचा झेंडा उभा राहतो आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड उचलतात, ही गोटमार आम्ही जन्मापासून पाहत आलो. एका झेंड्यासाठी शेजारी शेजाऱ्याचे डोके फोडतो आणि संध्याकाळी तीच सोयरी माणसे एकमेकांची विचारपूस करतात. २०२३ मध्ये आमचा पांढुर्णा जिल्हा नवा झाला आणि आता जिल्ह्यात उजेडाचाही एकच झेंडा. स्पर्धेने उत्साह येतो, हे मी नाकारीत नाही. पण जे गाव आधीच सशक्त, तेच जिंकणार. आणि ज्या गावाची वस्तीच हजाराच्या आत आहे, ते नदीत उतरूही शकत नाही. तग धरण्याची शक्ती बक्षीस म्हणून वाटायची नसते. ज्याच्याकडे ती सर्वांत कमी आहे, त्याच्यापासून वाटप सुरू व्हावे, असे तगाई या शब्दाचा अर्थ सांगतो.

आठ दिवसांनी मी मंडळींना बोलावले आणि घरांची यादी मागितली. यादीत एकशे आठ घरे होती. मला ते शिवार माहीत आहे, म्हणून मी विचारले, "नाल्यापलीकडची चौदा घरे कुठे आहेत?" थोडा वेळ कोणी बोलेना. मग एकजण म्हणाला, "काकाजी, त्याईची बिलं थकली हायेत. ते वर्गणी कुठून देतीन?"

माझ्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडले. गाव शासनाला म्हणत होते की आम्ही टोकाला आहोत, म्हणून आमचा विचार आधी करा. आणि स्वतःच्या टोकाला मात्र तेच गाव यादीतून वगळत होते. जे आपण वरून मागतो, तेच खाली द्यायला आपण तयार नसू, तर आपल्या मागण्याला केवळ गरजेचे बळ उरते, नैतिक बळ उरत नाही. मी मंडळींना एवढेच म्हणालो की यादी पुरी होईल त्या दिवशी अर्ज लिहीन. बोलाचाली झाली. दोघे उठून गेले. सरपंचबाई मात्र तेथेच बसून राहिल्या. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतले आणि चौदा नावे स्वतःच्या हाताने यादीच्या वरच्या भागात लिहिली.

अर्ज लिहिला तो तीन परिच्छेदांचा. पहिल्यात नऊ दिवसांचा हिशेब. दुसऱ्यात गाव काय करणार ते: महिन्याला घरटी ठरलेली लहान वर्गणी, ज्यांना ती जमणार नाही त्यांच्याकडून महिन्यातून एक दिवस श्रम, हिशेबाची वही ग्रामसभेत उघडी, आणि देखभालीचे शिक्षण घेणाऱ्या दोन माणसांची नावे. नावांची जागा मी रिकामी सोडली होती. पुढच्या ग्रामसभेत ती भरली गेली. एक गिरणीवाला आणि दुसरी नाल्यापलीकडची बारावी झालेली मुलगी. तिसऱ्या परिच्छेदात मागणी, आणि तिच्यात दुसऱ्या बॅटरीची रक्कम वेगळी दाखविलेली.

अर्ज जाऊन बरेच महिने झाले. मंजुरी अद्याप आलेली नाही. चौतीस गावांत आमचे गाव पडले, तर मला वाईट वाटेल, पण लाज वाटणार नाही. मध्यंतरी कळले की वर्गणीची वही सुरू झाली आहे आणि पहिल्या पैशांतून उपकेंद्रासाठी एक बॅटरीवरचा दिवा घेतला गेला.

आपल्या समाजात निवृत्त अधिकारी पुष्कळ आहेत. जुन्या नात्याने, जुन्या ओळखीने लोक आपल्याकडे अर्ज लिहून मागायला येतात, आणि आपणही भाषेच्या जोरावर तो लिहून देतो. यापुढे लिहिण्यापूर्वी आपण यादी मागून घ्यावी आणि तिच्यात कोण नाही ते पाहावे, एवढीच या वयात माझी विनंती आहे. सही करण्यापूर्वी मी ते पाहिले असते, तर एका गावातले दिवे कदाचित आजही लागत असते.